फायरवॉलमध्ये आयपीएस आहे म्हणून विंडोजचे अपडेट बंद करू नका

माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं बघतो. परवा रात्री त्याचा फोन आला. "दादा, फायरवॉलमध्ये आयपीएस चालू केलंय. आता विंडोजचे अपडेट बंदच ठेवतो, मशीन फार स्लो होतात." फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, आणि आयपीएस म्हणजे त्यातली हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा. त्याला हे शिकवलं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजने: आयपीएस सिग्नेचर असल्या की कुठलाच हल्ला आत येत नाही, त्या रोज आपोआप येतात म्हणून पॅच (सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करणारे अपडेट) नको, एचटीटीपीएसमधलंही (वेबसाइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण) सगळं पकडलं जातं, सगळ्या सिग्नेचर ब्लॉकवर टाका आणि निर्धास्त राहा. हाच मेसेज मला तीन ग्रुपवर आला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता तो लोकांच्या ठेवींपर्यंत पोचलाय.

'पॅच नको' हा यातला सगळ्यात घातक सल्ला. सिग्नेचर म्हणजे आधी सापडलेल्या हल्ल्याची खूण. फायरवॉलमधून जाणाऱ्या डेटाशी ती ताडून बघितली जाते. म्हणजे हल्ला माहितीतला हवा आणि तो फायरवॉलमधूनच जायला हवा. एकाच नेटवर्क स्विचला (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला) जोडलेल्या दोन मशीनमध्ये काय चाललंय, ते दारावरच्या फायरवॉलला दिसतच नाही.

हे कुणाला पुस्तकी वाटत असेल तर 27 जून 2017 आठवा. नॉटपेट्या हा मशीन निकामी करणारा व्हायरस युक्रेनमध्ये शिरला तो एमईडॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्या सर्व्हरवर सगळ्यांचा विश्वास, तिथूनच तो आला. आत आल्यावर तो दोन वाटांनी पसरला. एक, इटर्नलब्लू, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली चूक वापरणारं हत्यार. तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. दुसरी, मशीनच्या मेमरीतून चोरलेले अ‍ॅडमिनचे पासवर्ड. खऱ्या पासवर्डने केलेल्या लॉगिनला कुठली सिग्नेचर लावणार? मर्स्क या जहाज कंपनीला 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले. आणि हे फक्त युरोपात घडलं नाही. आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं होतं. नुसत्या पॅचने सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण पॅच नसलेल्या मशीनवर पासवर्ड चोरायचीसुद्धा गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मेसेज अगदीच हवेतला नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या, असंख्य प्रोग्रामच्या आत नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली चूक उघड झाली, तेव्हा आपल्याकडे ते कुठेकुठे वापरलंय हे शोधण्यातच लोकांचे आठवडे गेले. सिग्नेचर त्याआधीच आल्या होत्या आणि त्यांनी खरोखर वेळ मिळवून दिला. पण हल्लेखोरांनी 'जेएनडीआय' ही, ज्यांवरून हल्ला ओळखला जायचा ती अक्षरं तोडूनमोडून लिहायला सुरुवात केली आणि त्या सिग्नेचर पुन्हा पुन्हा बदलाव्या लागल्या. मिळालेला वेळ पॅच करण्यासाठी होता.

एचटीटीपीएसचं म्हणाल, तर डिक्रिप्शन (ते कुलूप उघडणं) मुद्दाम सेट करून फायरवॉलचं सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर टाकल्याशिवाय आतला मजकूर वाचता येत नाही. कुठे जातंय आणि किती जातंय, एवढंच कळतं. भावाने हे केलं नव्हतं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही!

सगळ्या सिग्नेचर ब्लॉकवर टाकल्या तर आपल्याकडे नसलेल्या सॉफ्टवेअरच्याही तपासल्या जातात, फायरवॉल मंदावतो आणि चांगले व्यवहार अडतात. मग वैतागून कुणीतरी आयपीएसच बंद करतो. आपल्याकडे काय चालतं तेवढंच निवडा, काही दिवस फक्त लॉग (फायरवॉलच्या नोंदी) बघा, मग ब्लॉक करा. आणि लॉग रोज बघणारा माणूस ठरवा.

भावाने त्याच रात्री अपडेट पुन्हा सुरू केले. एक मशीन उरलंय, पासबुक प्रिंटरचं. त्याचा ड्रायव्हर विंडोज 7 वरच चालतो आणि विंडोज 7 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 लाच थांबलेत. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकून, त्याचं 445 पोर्ट (फाइल शेअरिंगची वाट) बंद करून, मधे फायरवॉलची सिग्नेचर लावायला मी रविवारी जातोय. इथे तिचा खरा उपयोग आहे. नवीन प्रिंटरचा अर्जही सोबत नेतोय, सचिवांची सही घ्यायला.