शिंगं का, हे सांगणारी एक ओळ

गेल्या रविवारी भाच्याबरोबर 'उरुसेई यात्सुरा'ची २०२२ची नवी मालिका बघत होते. भाचा अकरावीत आहे आणि ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, या विषयाचा शोध त्यानेच लावला असं त्याचं मत आहे. लम, मालिकेची परग्रहावरून आलेली नायिका, पहिल्यांदा पडद्यावर आली आणि साहेबांनी विचारलं, "मावशी, हिला शिंगं का गं? आणि ही वाघाचं कातडं का गुंडाळून फिरते?"

खाली सबटायटल होतं, नेटकं, चुकीचं काहीच नाही. पण त्यात उत्तर असणार कुठून? संवादात हा प्रश्न कोणी विचारतच नाही. जपानी प्रेक्षकाला तो पडत नाही.

मग मी पॉज दाबला आणि सांगितलं. लम ही ओनी, म्हणजे जपानी लोककथांमधला राक्षस. तिथल्या जुन्या दिशाचक्रात बारा प्राणी मांडलेले असतात. ईशान्य दिशा येते बैल आणि वाघ यांच्या मध्ये, आणि तीच अशुभ, राक्षसांच्या येण्याजाण्याची वाट. म्हणून ओनीला शिंगं बैलाची आणि कमरेला कातडं वाघाचं, असं सांगतात. भाचा म्हणाला, "पण ईशान्येला तर आपलं देवघर असतं!"

तिथेच सबटायटलसोबतच्या टिपांबद्दलची माझी ही पोस्ट सुरू झाली.

क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगर आहे, त्यावर एन्र्याकुजी मंदिर. त्या दिशेकडून येणाऱ्या अरिष्टापासून राजधानी राखणारं म्हणून त्याची ख्याती. आपल्याकडे त्याच कोपऱ्यात समई लावतात. आता मला सांगा, अमेरिकेतल्या ओहायोत बसून ही मालिका बघणाऱ्या मुलाला ईशान्य शुभ की अशुभ, याचं काय पडलंय? त्याची पाटी कोरी आहे. आपल्या पाटीवर मात्र आधीच उलटं लिहिलेलं आहे. टीप आपल्याला जास्त लागते, आणि कुठल्याही टिपेत आपण धरलेले नसतो.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. मला टिपा आवडतातच. शाळेत धड्याखालचे शब्दार्थ आणि टिपा मी धड्याआधी वाचायचे, तेव्हापासूनची खोड. त्यामुळे ॲनिमेच्या जुन्या व्हिडिओ टेप आणि डीव्हीडींबद्दल मला जे प्रेम आहे ते निम्मं चित्रांबद्दल आणि निम्मं टिपांबद्दल आहे. मामेभावाने अमेरिकेतून आणलेल्या काही डिस्क अजून माझ्या कपाटात आहेत.

'ॲनिमेइगो' नावाची एक छोटी अमेरिकन कंपनी, १९८८ साली सुरू झालेली. ('एइगो' म्हणजे जपानीत इंग्रजी भाषा, नावातच कोटी.) जुन्या 'उरुसेई यात्सुरा'चे, १९८१ ते ८६ या काळातले जवळजवळ दोनशे भाग या मंडळींनी सबटायटल करून काढले, आणि सोबत छापील टिपा दिल्या. कुठला शब्द कशावरची कोटी, कुठला सण, कुठला पदार्थ. त्यांच्या सामुराई चित्रपटांच्या डिस्कवर तर टिपा थेट पडद्यावर येत: संवाद खाली, टीप वरच्या कडेला. नको असतील तर टिपांशिवायचा ट्रॅक निवडा. एडीव्ही फिल्म्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने 'एक्सेल सागा'च्या डीव्हीडीवर हाच प्रकार थोडा वात्रटपणे केला. ती मालिका म्हणजे २६ भागांचा विडंबनाचा गोंधळ, शेवटचा भाग तर जपानमध्ये टीव्हीवर दाखवलाच नाही. दर मिनिटाला कुठल्या तरी जपानी गोष्टीची टर. टिपांचा पर्याय चालू केला की पडद्यावर माहितीच्या चौकटी टपाटप उगवायच्या. पहिल्यांदा बिनटिपांचं बघायचं, दुसऱ्यांदा टिपांसह. एका डिस्कचे दोनदा पैसे वसूल.

डीव्हीडीला हे जमत होतं, कारण तिच्यात सबटायटलचे ३२पर्यंत ट्रॅक ठेवण्याची सोय आहे. शिवाय डीव्हीडीचं सबटायटल म्हणजे मुळात अक्षरं नव्हेतच, चित्रं. पडद्यावर हवं तिथे ठेवा. इंग्रजी डबिंगवाल्यांसाठी नुसत्या पाट्या आणि गाण्यांचा वेगळा ट्रॅक असायचा, तसाच टिपांचा.

आता विरुद्ध पक्ष. "चांगल्या भाषांतराला टिपेची गरज पडत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं तरी डोकं दुखतं. त्यासोबत तो प्रसिद्ध विनोदही येतो: 'डेथ नोट' या ॲनिमेमधलं एक दृश्य, खाली इंग्रजी वाक्यात मधेच 'केइकाकू' हा जपानी शब्द तसाच ठेवलेला आणि वर टीप, 'केइकाकू म्हणजे योजना'. अरे बाबा, मग योजनाच लिही ना! मान्य. फॅनसबवाल्यांनी, म्हणजे हौसेने सबटायटल करणाऱ्या चाहत्यांनी, टिपांचा उकिरडा केला होता हे खरंच. अर्धा पडदा टिपेने भरलेला, हिरो कुठे दिसतच नाही. पण भाषांतराचा आळस झाकायला लिहिलेली टीप वेगळी आणि शिंगांची टीप वेगळी. शिंगांचं भाषांतर करून दाखवा, मी डिस्क विकून टाकते.

टिपेला घाबरलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. 'पोकेमॉन'च्या जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये ब्रॉक हे पात्र हातात सरळसरळ भाताचे गोळे धरून त्यांना जेली डोनट म्हणतो. काळी समुद्रवनस्पतीची पट्टी लावलेले डोनट! इथे भात खाणाऱ्या पोरांनी ते बघितलं आणि तीसुद्धा गोंधळली.

पण खरी गंमत मला त्या रविवारी कळली. भाच्याला समजावताना मी इंग्रजी टिपांची उजळणी करत होते आणि मधेच लक्षात आलं, मराठीत काही टिपा लिहायलाच नकोत. पहिल्याच भागात पृथ्वीचं भवितव्य ठरतं कशावर, तर पकडापकडीवर. अतारूने, म्हणजे मालिकेच्या नायकाने, दहा दिवसांत लमची शिंगं धरायची, नाहीतर पृथ्वी गेली. जपानीत या खेळाचं नाव 'ओनीगोक्को', आणि ज्याने बाकीच्यांना पकडायचं तो 'ओनी'. इथे खरीखुरी ओनीच पुढे पळतेय आणि माणूस तिच्या मागे. इंग्रजीत या कोटीचा जीव जातो, टीप लागतेच. मराठीत आपण काय म्हणतो? अतारूवर राज्य आहे! परग्रहावरचे लोक पृथ्वीचं राज्य घ्यायला आले आणि राज्य आलं अतारूवर. जपानी कोटी नाही आली, पण तिच्या जागी आपली चपखल बसली. भाचा हसला, टीप न देता.

तसंच सेत्सुबुन या जपानी सणाचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाजलेले सोयाबीन फेकत ओरडतात, 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', राक्षस बाहेर, भाग्य आत. ज्या घरात दिवाळीला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत ओवाळतात तिथे समजावायचं काय? आणि लमची ती मोटरसायकलवाली, साखळदंड मिरवणारी मैत्रीण बेन्तेन. इंग्रजी टीप सांगेल, सात भाग्यदेवतांपैकी एक. मराठी टीप एका शब्दाची: सरस्वती. जपानची बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेली आपली वीणावालीच. भाचा दोन मिनिटं बेन्तेनच्या कपड्यांकडे बघत गप्प बसला. मग म्हणाला, "आजीला दाखवू नकोस."

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. डिस्क गेल्या, ठीक. पण आता सगळं स्ट्रीमिंगवर आहे आणि भारतात हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगही येऊ लागलंय, तर टिपांचा एक वेगळा ट्रॅक द्यायला काय हरकत आहे? थिएटरात नको, तिथे पॉज नाही. घरी आहे. ज्याला नको त्याने बंद ठेवावा. आणि टिपा इंग्रजीवरून उचलू नका. ओहायोच्या मुलाला सांगितलेलं आम्हाला परत सांगू नका, आमची अडचण ईशान्येला आहे.

तोवर मीच एका फाइलीत भाच्यासाठी टिपा लिहायला घेतल्यात. अतारूच्या जन्मदिवसावर अडलेय. शुक्रवार, तेरा तारीख, आणि वर 'बुत्सुमेत्सु', जपानी पंचांगातल्या सहा दिवसांच्या चक्रातला सगळ्यात वाईट दिवस, त्या दिवशी लग्न टाळतात. पहिल्यांदा 'अमावास्या' लिहिलं, मग खोडलं. लक्ष्मीपूजन आपण अमावास्येलाच करतो. सध्या ती ओळ रिकामी आहे.