'चरबी जाळा, फुफ्फुसाचा बीपी उतरेल' : त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की फुफ्फुसाच्या नसांत चरबी साठते म्हणून तिथला बीपी वाढतो, बारीक माणसाला हा आजार होत नाही, अमेरिकेतल्या संशोधनात चरबीच्या मेटाबॉलिझमशी संबंध सिद्ध झालाय, तेव्हा चरबी जाळणारं चूर्ण घ्या, घरच्या मशीनवर पंधरा दिवसांत फरक बघा आणि गोळ्या सोडा. मी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, पल्मनरी हायपरटेन्शनचे, म्हणजे याच फुफ्फुसातल्या वाढलेल्या बीपीचे पेशंट नेहमी माझ्या टेबलवर असतात, आणि हा मेसेज वाचून गोळ्या परस्पर कमी केलेले पेशंट आता यायला लागलेत म्हणून हे लिहितेय.

आधी ते घरच्या मशीनचं. दंडावर पट्टा बांधून जो बीपी कळतो तो शरीराचा, फुफ्फुसाचा नाही. दोन्ही वेगळे. कित्येक पेशंटचा दंडाचा बीपी ११० वर ७० असतो आणि फुफ्फुसातला भयंकर चढलेला असतो. आम्ही इकोवर फक्त अंदाज काढतो, पक्कं निदान उजव्या हृदयात नळी घालून प्रेशर मोजल्यावरच होतं. तिथे नॉर्मल सरासरी १४ च्या आसपास, २० च्या वर गेलं की आजार. हा आकडा घरच्या बीपी मशीनवर कळायचा कुठलाच मार्ग नाही.

आता 'नसांत चरबी साठते'. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या धमन्यांत चरबीचा थर असतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तेच चित्र उचलून इथे लावलंय. फुफ्फुसाच्या धमन्यांत मुळात प्रेशर इतकं कमी की तसा थर तिथे सहसा धरत नाही. मोठ्या धमनीत कधी चरबीचे डाग दिसतात, पण ते प्रेशर खूप चढलं की, म्हणजे नंतरचे. आजारात खरं होतं काय तर बारीक बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या पेशी वाढत सुटतात, भिंत जाड होते, वाट अरुंद होते आणि उजव्या हृदयाला तेवढंच रक्त जास्त जोर लावून ढकलावं लागतं. चरबीच कारण असती तर कोलेस्टेरॉलच्या गोळीने फरक पडायला हवा होता ना? करून बघितलंय, सिम्व्हास्टॅटिन आणि अॅस्पिरिनची ट्रायल २०११ मध्ये छापून आली, फायदा दिसला नाही.

आणि हा काही एकच आजार नाही, डॉक्टर त्याचे पाच गट करतात. जगात सगळ्यात जास्त पेशंट डाव्या हृदयाच्या बिघाडामुळे झालेले. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप, जन्मापासून हृदयाला असलेलं छिद्र, विडीने नाहीतर चुलीच्या धुराने गेलेली फुफ्फुसं, फुफ्फुसात अडकून राहिलेल्या जुन्या गुठळ्या, असं काय काय सापडतं. झडप आकसलेल्या बाईने चूर्ण खाऊन झडप उघडणार आहे का?

'बारीक माणसाला होत नाही' हे तर मला वाचवतच नाही. चाळीस किलोच्या मुली असतात, दोन जिने चढून आल्या की बोलता येत नाही, ओठ निळसर, छातीवर इकोचा प्रोब ठेवला की उजवं हृदय फुगलेलं आणि मधला पडदा डावीकडे दाबला गेलेला, गोल दिसायला हवं ते डावं हृदय इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतं. घरचे इतके महिने म्हणत असतात की अशक्तपणा आहे, खात नाही नीट. याच्या उलटही होतं, पोट सुटलं, वजन वाढलं म्हणून जिम लावतात आणि ते असतं पाणी. नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. चार दिवसांत दोन-तीन किलो वाढलं तर ती चरबी नसते, लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

लठ्ठपणाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तेही खोटं होईल. खूप वजन असलं की झोपेत श्वास अडतो, ऑक्सिजन पडतो, डावं हृदय ताठर होतं आणि या वाटांनी फुफ्फुसातलं प्रेशर वाढतं. अशा पेशंटने वजन कमी केलं तर खरंच बरं वाटतं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि कारण कुठलं ते कळल्यावर.

संशोधनाचं वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. हृदयाचा स्नायू एरवी निम्म्याहून जास्त ऊर्जा फॅटी अॅसिड, म्हणजे चरबीचेच घटक, जाळून मिळवतो. या आजारात उजव्या हृदयाला ते नीट जाळता येत नाही, काही पेशंटमध्ये तर स्नायूच्या पेशींत चरबीचे थेंब साचलेले सापडलेत, आणि इन्सुलिन नीट काम न करणं पण या पेशंटमध्ये जास्त दिसतं. म्हणजे चरबीचा संबंध आहे, पण तो पेशीच्या आत इंधन कुठलं आणि कसं वापरलं जातं याचा, कंबरेच्या घेराचा नाही. आणि गंमत नाही, अगदी गंभीरपणे सांगते, २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात चरबी जाळणं ज्यांच्यात जन्मतःच कमी केलं होतं अशा उंदरांना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं तरी हा आजार झाला नाही. चरबी *कमी* जाळल्यावर वाचले! उंदरांचं माणसाला तसंच्या तसं लागू होत नाही, पण 'चरबी जाळा' हे संशोधनाच्या नावावर खपवता येत नाही एवढं नक्की.

आता चूर्ण. इथे मला खरी भीती वाटते, कारण वजन उतरवणाऱ्या औषधांनीच हा आजार लोकांना दिलाय. १९६५ पासून स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अॅमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी विकली गेली आणि थोड्याच काळात तिथल्या हॉस्पिटलांत या दुर्मिळ आजाराचे पेशंट अचानक कितीतरी पटीने वाढले, १९६८ मध्ये गोळी मागे घेतली, पण कित्येक जण तोवर गेले. एवढं होऊन पुन्हा तेच झालं. फेनफ्लुरामिन आणि तिचं भावंड डेक्सफेनफ्लुरामिन, याही भूक मारणाऱ्याच गोळ्या, १९९६ च्या अभ्यासात दिसलं की भूक मारणाऱ्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतलेल्यांत धोका वीसपटीहून जास्त, १९९७ मध्ये अमेरिकेत त्या बंद. फ्रान्समध्ये मेडिएटर नावाची तशीच गोळी २००९ पर्यंत चालू होती, ब्रेस्ट शहरातल्या डॉ. इरेन फ्राशों मागे लागल्या तेव्हा बंद झाली, आणि २०२१ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कंपनीला दोषी ठरवलं. ही सगळी औषधं तपासून, परवाना घेऊन विकलेली होती. मग लेबल नसलेल्या डब्यात काय आहे कोण सांगणार? 'हर्बल' म्हणून विकलेल्या पावडरींत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडलंय, एकदा नाही अनेकदा, आणि ते भारतात २०११ पासून बंद आहे. (डॉक्टर हल्ली वजनासाठी जी इंजेक्शनं लिहून देतात ती वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्यांना या रांगेत बसवू नका.)

राहिलं गोळ्या सोडायचं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटान, अँब्रिसेंटान ही औषधं धमन्या सैल ठेवतात, ती अचानक थांबवली की प्रेशर परत चढतं आणि आधीच थकलेलं उजवं हृदय कोलमडू शकतं. काही बायका सिल्डेनाफिलचं नाव मेडिकलवाल्याकडून 'ते पुरुषांचं औषध' असं ऐकून लाजेने बंद करतात. बायांनो, ते फुफ्फुसाच्या आजारासाठी २००५ पासून मान्य औषध आहे, नि:संकोच घ्या, फक्त छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. खर्च झेपत नसेल तर तेही स्पष्ट सांगा, जेनेरिक मिळतात, डॉक्टर बदलून देतील. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणून ठेवा, एका दिवसाचाही खाडा नको.