सफारीची गोधडी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आपल्याला जग लख्ख दिसायला लागतं, असं सगळेच सांगतात. जगालाही आपण एकदम रिकामटेकडे दिसायला लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. मी निवृत्त, डोळ्यात नवं भिंग, नाकावर जवळचा नवा चष्मा. आणि आमच्या गल्लीतलं महिला मंडळ बहुतेक साठीच्या आसपासचं, सुईचं नेढं अंदाजानं हुडकणारं.

"भाऊजी, रिकामंच बसलाव, तर एवढी सुई तरी ओवून द्या."

एक ओवून दिली. दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर सुयांची रांग लागली. नोकरीत असताना माझ्या टेबलापुढं इतकी शिस्तीची रांग कधी लागली नव्हती, आणि इतक्या तातडीनं मी कोणाचं काम केलं असेल असंही वाटत नाही.

हे मंडळ तसं भिशीचं. अधूनमधून भजन, संक्रांतीला वाण, श्रावणात एखादी सहल. यंदा त्यांनी ठराव केला तो गोधड्यांचा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी गोधड्या शिवायच्या आणि टोळ्या निघायच्या आत पोचवायच्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडून माणसं निघतात, बीडमधून सगळ्यात जास्त, पण परभणी, जालना, लातूरमधूनही. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं कारखाना असेल तिथं. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडाच्या कडेला कोपीत संसार. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. त्या हिशोबात लेकरू कुठंच धरलेलं नसतं. पाणी दिलेल्या उसाच्या शेजारी डिसेंबरातली पहाट काय असते, हे ज्यानं काढली त्यालाच माहीत.

तर ठराव उत्तम होता. अडचण कापडाची आली.

तुम्ही म्हणाल, जुन्या साड्यांना काय तोटा? मलाही तसंच वाटायचं. आमच्या आजीच्या काळी नऊवारी सुती लुगडं नेसून नेसून इतकं मऊ व्हायचं की त्याचं जुनेर झालं की घरातल्या सगळ्या बाळंतिणींचा त्यावर डोळा असायचा. आता कपाट उघडलं की अंगावर कोसळतं ते सगळं सिंथेटिक. घडी घातली की आपोआप उलगडतं, सुई टोचली की बाजूला सरकतं आणि लेकरानं ओलं केलं की ओल जशीच्या तशी वर ठेवतं. काकूंच्या भाषेत, "ती साडी नव्हं, मेणकापड हाय."

मग सुती साड्यांचा शोध सुरू झाला, आणि या धंद्यात आपल्याआधी कोण उतरलंय ते कळलं. बोहारीण! गल्लीतल्या निम्म्या सुती साड्या तिनं केव्हाच स्टीलच्या बदल्यात उचललेल्या. समोरच्या काकूंनी तर ठरावाच्या आदल्याच दिवशी दोन चांगली पातळं देऊन एक झाकणाचं पातेलं घेतलं होतं. ती पातळं सोडवायला आमची ही आणि काकू पातेलं घेऊन तिच्या मागं गेल्या. बोहारणीनं पातेलं उलटं केलं, सुलटं केलं, नखानं टकटक वाजवलं आणि म्हणाली, "पोचा पडलाय." एका रात्रीत! शेवटी पातेलं आणि वर आमची किसणी गेली, तेव्हा पातळं हाती आली. कारकुनीत उभं आयुष्य काढूनही एवढी चोख फाईल हाताळणारी बाई मी पाहिली नाही.

दान करायचं म्हटलं की लोकांचा हात किती सैल होतो, तेही या निमित्तानं दिसलं. पडदे आले. मुंज झालेल्या आणि आता नोकरीला लागलेल्या मुलांचे शाळेचे गणवेश आले. एकानं छत्रीचं कापड दिलं, काड्यांसकट. आणि ब्लाऊजपीस! आपल्याकडं ब्लाऊजपीस शिवायचे नसतात, फिरवायचे असतात, हे काही नव्यानं सांगायला नको. एक मोरपंखी ब्लाऊजपीस तर हिनं बघताक्षणी ओळखला. तिनंच तो कोणाच्या तरी वास्तुशांतीला ओटीत घातला होता, तो वर्षानुवर्षं गल्लीत हिंडून परत आमच्याच दारात आला होता. आतल्या थरात त्याला घातलं, वरून चारही बाजूंनी टाके घेतले, तेव्हा कुठं त्याची वारी थांबली.

दोरा आणायला आमच्या लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत गेलो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. माझी समजूत अशी की माणसानं एका रस्त्यानं आत जावं, दोरा घ्यावा आणि त्याच रस्त्यानं बाहेर यावं. हिचं म्हणणं, उरलेले पंधरा रस्ते मग कशाला काढलेत? ते असो.

त्यातच घरोघरी दसरा काढायचे दिवस. म्हणजे डबे खाली, भांडी बाहेर आणि घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला. वर दानात आलेल्या चिंध्यांचे ढीग. लातूरकराला पाणी वापरताना हात कापतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेत बसून आलेलं पाणी प्यायलेली माणसं आम्ही. तेव्हापासून आमच्या घरात एकदा वापरलेलं पाणी तसंच मोरीत सोडलं, तर ही माझ्याकडं अशी बघते की मी ते पाकिटातून काढून फेकलंय. आणि भिजलेली गोधडी उचललीय का कधी? एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघांनी उलट्या दिशेला पीळ द्यायचा. आम्ही दोघंही नेहमी एकाच दिशेला पिळतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, बाकी कशातही आमची दिशा एक झाली नाही.

प्रत्यक्ष शिवणं आमच्या गच्चीवर. आधी पातळ अंथरायचं, ताणून, चार कोपऱ्यांवर चार विटा. वारा आला की ते मधूनच फुगतं, मग सगळ्याजणी एकदम हात दाबून धरतात. त्यावर चिंध्यांचा थर, शिवण-बटणं-हुक काढून. हा थर बसवणं हे खरं कसब. जास्त झाला तर सुई वाकते, कमी झाला तर तिथं पोकळी राहते आणि धुतल्यावर आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. मग वरचं पातळ, तळहातानं एकेक सुरकुती काठापर्यंत ढकलत न्यायची. आणि मग कडेपासून धावदोरा, फिरत फिरत मध्यापर्यंत. चार बाजूंना चौघी. गोधडी जशी आत भरत येते तशा चौघी एकमेकींच्या जवळ सरकतात आणि आवाज खाली येतात. काठावर असताना भाजीचे भाव चालतात. मध्यावर आल्या की सुनांचे विषय निघतात. कोपऱ्यात सुया ओवत बसलेल्या माणसाला त्या बहुधा वीट समजत असाव्यात. माझ्या पोटात आता आमच्या गल्लीतली एवढी गुपितं आहेत की मनात आणलं तर नगरसेवक होईन.

आमच्या सुनेला पुण्यात हा प्रकार कळला, तेव्हा ती हरखलीच. "बाबा, याला क्विल्टिंग म्हणतात! किती छान छंद! मन शांत होतं म्हणे." मग तिनं हिला फोनवर व्हिडिओ दाखवले. अमेरिकेत बाया दुकानातून कोरं कापड आणतात, त्याचे मापात तुकडे करतात आणि ते तुकडे परत एकमेकांना जोडतात. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग फाडलं कशाला?"

पण सुनेनं आणखीही सांगितलं. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, ही सगळी जुन्या कापडाला टाके घालूनच झालेली. कर्नाटकात, उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बाया कवंदी नावाची गोधडी शिवतात आणि तिच्या चार कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची 'फुलं' बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आणि १९८७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानात एक गोधडी अंथरली होती, एड्सनं गेलेल्या माणसांच्या आठवणीची. १,९२० तुकडे, एकेक तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका माणसाच्या थडग्याच्या मापाचा. कोणाच्या आईनं शिवलेला, कोणाच्या मित्रानं. गच्चीवर कोणीच काही बोललं नाही. मग आक्कांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पाऊस आला असता तर?" त्यावर बरीच चर्चा झाली.

मनःशांतीचं मात्र सुनेला कोणीतरी चुकीचं सांगितलेलं आहे. संध्याकाळी सुया मोजून परत घ्यायच्या, असा नियम होता. लेकरांच्या अंगावर जायची वस्तू, आत सुई राहिली तर? आणि एके दिवशी सुई कमी भरली.

पुन्हा मोजल्या. मी मोजल्या, हिनं मोजल्या, काकूंनी मोजून दोघांचीही चूक काढली. तरी एक कमीच. गोधडीवरून तळहात फिरवणं सुरू झालं, पण घाबरत घाबरत, कारण सुई सापडली तर ती तळहातालाच सापडणार. कोपऱ्यावरच्या मावशींच्या नातवानं जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक आणलं. सगळ्या वाकून बघतायत, चुंबक हळूहळू सरकतंय, आणि मध्याच्या जरा अलीकडं टक्कन चिकटलं! केवढा तो आनंद. कात्री आणली, टाके उसवले, दोन बोटं आत घालून काकूंनी जे ओढून काढलं ती सुई नव्हती. पँटचा हुक होता. हुकापाठोपाठ पँटही आली.

माझी पँट. माझ्या सफारीची! बदामी टेरिकॉटची, निवृत्तीच्या समारंभात घातलेली, नारळ आणि शाल तीच घालून घेतली होती. शर्ट पलीकडच्या कोपऱ्यात शिवलेला निघाला.

"घालताव का कधी?" हिनं शांतपणे विचारलं.

"घालत नाही म्हणून काय झालं?"

"आता पोटावर बसती का?"

या प्रश्नावर गच्चीवर जो हशा झाला, त्यात सुईचा विषय मागं पडला. ती मग आक्कांच्या खांद्यावर, पदराला टोचलेली सापडली. दिवसभर तिथंच होती.

ती गोधडी मग मीच पुरी केली. चिडून म्हणा हवं तर. आपलीच पँट दुसऱ्यानं शिवावी हे मनाला पटेना. बोटात अंगुस्तान घालून बसलो. पाठ धरते, गुडघे बोलतात, दोऱ्याला गाठ नको तिथं पडते. पण एक ओळ सरळ आली की दुसरी घालावीशी वाटते, हेही खरं. चहा गार झाला तरी कळायचं नाही. ही दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. आमच्याकडं हे कौतुकात धरतात.

गोधड्या द्यायला आम्ही टेम्पो करून गेलो. ट्रॅक्टर निघायच्या बेतात होते. ट्रॉलीत पीठ-मिठाची गाठोडी, पत्रे, बांबू, दोन शेळ्या, एक सायकल. मंडळानं भाषण तयार ठेवलं होतं, ते करायला कोणाला सुचलं नाही. एकेकीच्या हातात गोधडी देत गेलो. कडेवर पोर असलेली एक बाई होती, विशी-बाविशीची. तिच्या वाट्याला माझी आली. तिनं ती घेतली, उलटी केली, एक टाका नखात धरून उचलला.

"टाके लई लांब हायत. लेकराचा अंगठा अडकतो यात. ही कुनी शिवली?"

"ह्यांनी," ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. मंडळातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. एवढी एकी मी ठरावाच्या वेळीही पाहिली नव्हती.

"आन् गाठी भायेर काडल्यात. गाठ आत दाबावं लागती, काका. टोचती की."

मग तिनं पोर आक्कांच्या कडेवर दिलं, सुई मागितली, स्वतःच ओवली, एका दमात, आणि ट्रॉलीच्या दांडीवर टेकून माझ्या दोन टाक्यांच्या मधून एकेक टाका घालत निघाली. बोलता बोलता, न बघता. आमच्या चौघींना दुपारभर पुरलं असतं तेवढं तिनं मुकादमाच्या दोन हाका होईपर्यंत उरकलं. तोवर दुसरीनं गाठोड्यातून स्वतःची वाकळ ओढून दाखवली. टाके असे दाट की खालचं कापड हुडकावं लागावं. काकूंनी तिचे जवळून फोटो काढले. आक्का पोराला थोपटत विचारत होत्या, "आन् कोपऱ्याला काय करताव?" ती सांगत होती, आणि आमचं मंडळ टेम्पोला टेकून शिकत होतं. हंगाम संपला की तिनं आमच्या गच्चीवर यायचं, रोजानं, हे हिनं तिथल्या तिथं ठरवलं. रोजावरून दोघींची घासाघीस झाली. ही हरली.

एवढं करून तिनं माझी गोधडी झटकली, वजन बघितलं आणि लेकराच्या अंगावर न घालता ट्रॉलीत खाली अंथरली.

"अंगावं नगं, लई जड हाय. बुडाखाली बरी."

मुकादम इतका वेळ हात मागं बांधून बघत होता. त्यानं पुढं येऊन टेरिकॉटवर दोनदा थाप मारली.

"दणकट हाय की. सायेब, अशी अजून एकांदी निगंल का? डायवरच्या सीटला पायजे."

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "निगंल की. राखाडी हाय. घरी कपाटात लटकलीय."