कुणाला सांगू नकोस

मागच्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर माझी जी काय शोभा झाली ती लिहून टाकतो, म्हणजे निदान माझी बाजू तरी कुठेतरी नोंदली जाईल, कारण भाच्याने त्याची बाजू समस्त मामेकुळाला आधीच सांगून झालेली आहे.

तर पाचनईकडून चढायचं होतं, पस्तीस जणांची बॅच. राजूर मागे पडलं आणि फोनमधल्या दांड्या एकेक करून गळाल्या. भाचा याच क्षणाची वाट बघत होता. त्याने रात्री बस निघतानाच सगळ्यांना एक ॲप टाकायला लावलेलं, टॉवर नको, इंटरनेट नको, सिमकार्डसुद्धा नको, नुसत्या ब्लूटूथवर मेसेज जातो, आणि माणूस लांब असला तरी मधल्या फोनांवरून उड्या मारत मारत पोचतो, सात उड्यांपर्यंत. हाँगकाँगला २०१४ च्या आंदोलनात पोरांनी फायरचॅट नावाचं असंच ॲप वापरलेलं म्हणे. म्हणलं बाबा आपल्याला आंदोलन नाही करायचं, झुणका भाकर खाऊन झोपायचंय. पण त्याने नाव विचारलं आणि माझ्यातला मावळा जागा झाला, मी ‘शिलेदार’ असं टाकलं. हे नाव लक्षात ठेवा.

झुणका झकास होता. दोनदा घेतला. इथेच चुकलं.

पहाटे साडेचारला पोटात नगारा वाजला. तंबूतून बाटली घेऊन पळालो, कारवीच्या दाट झुडपांमागे जागा बघितली, आणि टेकणार एवढ्यात बाटली हातातून सुटली, झाकण उघडं, सगळं पाणी हरिश्चंद्राला अर्पण. आता थंडी अशी की दात वाजतायत, खाली ही अवस्था, आणि हाक मारावी तर पस्तीस लोक उठणार. तेव्हा मला ते ॲप आठवलं. थरथरत्या बोटांनी लिहिलं, “पोट बिघडलंय. तंबूंच्या मागे कारवीत बसलोय. पाणी सांडलं. बाटली घेऊन ये. कुणाला सांगू नकोस.”

आणि पाठवलं. भाच्याला नाही. सगळ्यांना.

मला काय माहीत की उघडल्यावर जी खिडकी समोर येते ती गावचा पार असते आणि एकाशीच बोलायचं तर आधी त्याच्या नावावर बोट ठेवावं लागतं? पहिलं उत्तर आलं, “ओआरएस आहे, देऊ का?” दुसरं, “लोकेशन टाका.” तिसऱ्याने नुसता हात जोडलेला. भाचा घोरत होता, त्याच्या फोनची बॅटरी रात्रभर ब्लूटूथने आसपासचे फोन हुंगत राहून केव्हाच मेलेली.

मग झुडपांपलीकडे उजेड दिसला. कपाळाला टॉर्च बांधलेले, माकडटोपी घातलेले, अडुसष्ट वर्षांचे एक काका. टेलिफोन खात्यातून रिटायर, छत्तीस वर्षं सर्व्हिस, हे मला पहिल्या मिनिटात कळलं. हातात पाण्याने भरलेली बाटली. ती बाटली माझ्यापासून पाच पावलांवर होती आणि पुढची दहा मिनिटं ती तिथेच राहिली.

“शिलेदार?”

“हो.”

“माझा तंबू सगळ्यात कडेला. तुमचा मेसेज आधी माझ्याकडे आला आणि माझ्यावरून पुढे गेला. म्हणजे मी तुमचं एक्स्चेंज!”

“काका, बाटली…”

“तुम्ही काय केलंत, पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावणारा कॉल, लावायच्या ऐवजी अख्ख्या एक्स्चेंजला कॉल लावलात. पूर्वी ट्रंक कॉलला ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. लाइटनिंगला आठपट पैसे. तुमचा हा…” इथे त्यांनी टॉर्चसकट मान खाली करून माझ्या अवस्थेचा अंदाज घेतला, “…लाइटनिंगच.”

“काका, ती बाटली इकडे द्या ना.”

“देतो हो. पण मला सांगा, पोराने उत्तर का नाही दिलं? तुम्ही उकिडवे बसलात! ब्लूटूथ चालतं दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवर. ही लहर पाण्यात जिरते आणि माणूस म्हणजे पाण्याचा माठ. त्यात तुम्ही फोन पोटाशी धरलेला. उभं राहून, हात वर करून पाठवायचा मेसेज.”

“उभं राहायची परिस्थिती नाहीये काका.”

“ते दिसतंय,” ते म्हणाले, आणि खरंच दिसत होतं, कारण टॉर्च अजून माझ्यावरच होता. पुढे त्यांनी लोरा नावाची गोष्ट सांगितली, एक छोटं यंत्र फोनला जोडायचं, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, मधे डोंगर नसेल तर कित्येक किलोमीटर मेसेज जातो, असं एक खाली पाचनईत आणि एक वर देवळापाशी ठेवलं तर काय बहार येईल. मी हो म्हणत होतो. त्या घडीला मी कशालाही हो म्हणालो असतो. शेवटी त्यांनी बाटली खाली ठेवली, गेले नाहीत, पाठ करून उभे राहिले. म्हणाले, “लाइन तुटली तर? मी आहे इथे.”

नंतर विचार केला की या सगळ्या तंत्रात मेख एकच आहे. आसपास माणसं असतील तरच ते चालतं, आणि माणसं असली की नुसत्या हाकेनेही काम होतं. एकटा दरीत पाय मोडून पडलात तर सात उड्या मारायला फोन आणणार कुठून? आयफोनवाले २०२२ पासून थेट सॅटेलाइटवर मदत मागतात, पण मोजक्याच देशांत, आपल्याकडे नाही. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन घेऊन फिरलात तर मदतीआधी पोलीस येतील. ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो, पण लागायला कुठला तरी एक टॉवर तर हवा. जीपीएस तेवढं इमानदार, रेंज नसली तरी चालतं, आपण नक्की कुठे अडकलोय ते बिनचूक सांगतं. आपल्यालाच.

आणि आपण एका रात्रीसाठी याला ॲडव्हेंचर म्हणतो. झुणका वाढणाऱ्या मावशींना विचारलं, सासरे आजारी पडले तर काय करता? म्हणाल्या, पोरगं त्या धोंड्यावर चढतं, रेंज असली तर लागतो फोन, नसली तर डोलीत घालून खाली नेतो. लॉकडाऊनमध्ये पोरांची शाळा पण त्याच धोंड्यावर. हे त्या भाकरी थापता थापता, वर न बघता सांगत होत्या, आणि मी त्यांना नेट नसताना यूपीआय कसं करायचं ते विचारत होतो. कॅश आणली नव्हती ना. शेवटी पैसे काकांनी दिले.

त्यांचे एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचेत. नंबर आहे, पण फोन करायची हिंमत होत नाही.

उतरताना पाचनई दिसायला लागलं तशी रेंज आली आणि पस्तीस फोन एकदम किणकिणले. मला वाटलं आता सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालतील, सुटलो. गावात चहाला थांबलो तर शेजारच्या बाकावरची एक अनोळखी बाई, आमच्या बॅचचीही नाही, दुसऱ्याच ग्रुपची, त्यांनीही तेच ॲप घेतलं असणार, माझ्याकडे बघत हळूच तिच्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, हेच ते शिलेदार.” नवऱ्याने त्याची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.