‘हॉल रिकामा वाटतो’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आम्ही आखून दिलेल्या तुमच्या घराच्या मांडणीला दोन तारे देताना तुम्ही लिहिलंय की हॉल रिकामा वाटतो, जेवणाचं कायमचं टेबल नाही, भिंतीत दुमडणारा पलंग उचलायला जड जातो आणि पाहुणे यायच्या आधीचा अर्धा तास हलवाहलवीतच जातो. त्या घरात राहायचं तुम्हाला आहे, त्यामुळे ही नाराजी आम्हाला लागली. तरी हॉलमध्ये कायमचं टेबल नको, या मतावर आम्ही ठाम आहोत. ते का, हे सविस्तर सांगतो.

आठ जणांना टेबलाशी ऐसपैस बसायचं तर माणशी 24 इंच रुंदी लागते. लांब बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एकेक, म्हणजे टेबल झालं 6 बाय 3 फुटांचं. खुर्ची मागे सारून उठता यावं, मागून कुणाला वाढायला जाता यावं, म्हणून चारही बाजूंना साधारण 3 फूट मोकळे हवेत. म्हणजे एका टेबलासाठी 12 बाय 9, अर्थात 108 चौरस फूट जागा गेली. तुमचा हॉल 14 बाय 10 चा आहे. उरलेल्या 32 चौरस फुटांत सोफा आणि कामाची जागा कशी बसवणार? पहिल्या बैठकीत तुम्ही सांगितलं होतं की पाहुणे महिन्यातून दोन-तीनदा येतात, पण व्यायाम आणि ऑफिसचं काम रोज याच खोलीत होतं. त्या दोन-तीन संध्याकाळींसाठी बाकीचे सगळे दिवस टेबलाला वळसा घालत चालणं आम्हाला पटलं नाही. रोज चार-पाच माणसं टेबलावर जेवणार असती, तर आम्हीच कायमचं टेबल सुचवलं असतं.

म्हणून भिंतीलगत फक्त 18 इंच खोलीचं कन्सोल, म्हणजे अरुंद टेबल दिलं. ते ओढून आतल्या फळ्या बसवल्या की 6 फुटांचं टेबल तयार. खिडकीखालचा बाक 18 इंच उंच आहे, कारण टेबल 30 इंचांचं आहे आणि दोहोंत 12 इंचांचं अंतर असलं की जेवताना खांदे अवघडत नाहीत. घडीच्या खुर्च्या त्याच बाकाच्या पोटात राहतात. शिवाय जमलेली माणसं एका जागी बसून राहत नाहीत. कुणी खिडकीशी उभं राहतं, कुणी स्वयंपाकघराच्या दारात गप्पा मारतं. जो भाग तुम्हाला रिकामा वाटतो, तो त्यांच्यासाठी मुद्दाम राखलेला आहे आणि आमच्या मते या आराखड्यातला तोच सगळ्यात मोलाचा भाग आहे.

आता अर्ध्या तासाबद्दल. टेबल ओढणं, पलंग उभा करणं, खुर्च्या काढणं ही काही मिनिटांची कामं. तुम्ही अभिप्रायासोबत टाकलेल्या फोटोत कन्सोलवर प्रिंटर, फायली आणि कुंड्या दिसतात, बाकावर कपड्यांची चळत आहे. वेळ खातंय ते हे सामान. जी वस्तू हलते तिच्यावर दुसरी वस्तू कायमची ठेवायची नाही, एवढा एक नियम अशा घरात पाळावाच लागतो. त्यासाठीच कन्सोलच्या वर 12 इंच खोलीचं उघडं शेल्फ दिलंय. प्रिंटर तिथे आरामात बसेल.

सरकत्या पार्टिशनला तुम्ही ‘नवं फॅड’ म्हटलंय. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात 1924 साली बांधलेल्या रीटव्हेल्ट-श्रोडर घराचा वरचा मजला सरकत्या भिंतींनी हवा तेव्हा एक मोठी खोली होतो, हवा तेव्हा वेगवेगळ्या खोल्या. ते घर आज जागतिक वारसा यादीत आहे. तुमच्या घरात या पार्टिशनचं काम साधं आहे: पाहुणे बसलेले असताना खरकटी भांडी नजरेआड ठेवणं.

पलंगाची तक्रार मात्र लगेच सुटण्यासारखी आहे. भिंतीत दुमडणाऱ्या पलंगाचे गॅस पिस्टन, म्हणजे उचलताना भार पेलणाऱ्या नळ्या, गादीच्या वजनानुसार निवडतात. फोटोतली गादी आम्ही मोजमाप घेतलं तेव्हापेक्षा जाड दिसते. वजन वाढलं की पिस्टन पुरे पडत नाहीत आणि सगळा भार हातांवर येतो. पाठीला इजा होऊ नये म्हणून पिस्टन बदलेपर्यंत पलंग एकट्याने उचलू नका.

सोयीचा दिवस कळवा. आमचे सुतार येऊन नव्या वजनाचे पिस्टन बसवून देतील, त्याचे पैसे घेणार नाही. मीही सोबत येईन आणि आठ जणांची मांडणी तुमच्यासोबत एकदा करून बघू. तरीही ती जाचक वाटली, तर कन्सोलच्या जागी चौघांचं छोटं कायमचं टेबल कसं बसेल याचा आराखडा काढून देऊ. येण्याआधी नव्या गादीचं वजन कळवता आलं तर बरं होईल, ते बहुधा तिच्या लेबलवर असतं.