२२६ टक्क्यांचा आकडा जरा जपून

वास आणि स्मरणशक्तीवरच्या त्या लेखात म्हटलंय की रात्री डिफ्युझर (खोलीत सुगंध पसरवणारं यंत्र) लावून झोपलं की स्मरणशक्ती २२६ टक्के वाढते, अहो असं नाहीये ते! २०२३ चा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, अर्व्हाइनचा अभ्यास आहे तो, ६० ते ८५ वयाची फक्त ४३ माणसं, सात वास, रोज रात्री त्यातला एकच वास दोन तास, असं सहा महिने. आणि ते २२६ म्हणजे शब्दांची यादी आठवायच्या एकाच चाचणीत खरा वास दिलेला गट आणि नावापुरताच वास दिलेला गट यांच्यातला फरक, आख्ख्या मेंदूचा हिशोब नव्हे.

बाकी वासाचं महत्त्व मला विचारा. कोविडनंतर माझं नाक पार बंद, गॅस चालू राहिला तरी पत्ता नाही. डॉक्टरांनी गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग अशा चार बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितल्या, महिनाभर नुसतं पाणी हुंगल्यासारखं, मग एक दिवस लवंग आली, तीही जळक्या रबरासारखी, तरी मी नाचलोच! पण त्यात मुद्दाम लक्ष देऊन हुंगायचं, हा वास कसा होता ते आठवत राहायचं, हीच तर खरी मेहनत असते आणि लेखात नेमकं त्याबद्दलच एक ओळ नाही.