जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सचे तेल : एका आक्षेपाला उत्तर

स. न.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कितीही जुना असला तरी त्याचे तेल बदलून घ्यावे, हा माझा सल्ला घातक आहे. आपल्या मेहुण्यांच्या पिकअपचे तेल १,८०,००० मैलांनंतर प्रथमच बदलले आणि पंधरा दिवसांत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, गेला. पुढे ज्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला, त्याने ‘जुन्या तेलातला गाळच क्लचला पकड देत होता, तो तुम्ही काढून टाकलात’ असे सांगितले. यातले काही मला मान्य आहे, आणि ते माझ्या मूळ लेखात यायला हवे होते.

मात्र आपण ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. तिसऱ्यावरून चौथ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचे फेरे वाढत आणि गाडी मात्र वेग घेत नसे, म्हणूनच तेल बदलायचे ठरले, असे आपण लिहिले आहे. म्हणजे क्लच घसरायला लागल्यावर तेल बदलले गेले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतच असणाऱ्या क्लचच्या प्लेटांवर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे अस्तर असते आणि त्या सतत तेलात बुडून काम करतात. एकदा ते अस्तर झिजले किंवा तापून गुळगुळीत झाले, की कोणतेही तेल ते परत आणून देत नाही. अशा अवस्थेत बदललेल्या तेलावर नंतरच्या बिघाडाचे खापर फुटते. रुग्णाला अखेरच्या दिवशी दवाखान्यात न्यावे आणि दवाखान्यानेच घात केला असे म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे.

तरीही मेकॅनिकचे म्हणणे मी सर्वस्वी उडवून लावणार नाही, कारण त्याचे निरीक्षण खरे असू शकते. कारण मात्र त्याने सांगितले त्याहून वेगळे असावे. या तेलात घर्षणाचे प्रमाण ठरवणारी रसायने घातलेली असतात, ज्यांच्यामुळे क्लच झटका न देता हळुवार जुळतो. जुन्या तेलात ती संपत येतात, त्यामुळे गिअर थोडा खडबडीत पडतो, पण पकड किंचित वाढते. झिजलेला क्लच त्या किंचित जादा पकडीवरच तग धरून असेल, तर ताज्या तेलाने ती पकड कमी होऊन शेवट काही आठवडे अलीकडे येऊ शकतो. म्हणून माझा सल्ला आता असा वाचावा : गिअर व्यवस्थित पडत असतील तर तेल बदलावे, घसरत असतील तर तो खर्च करू नये, गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवावेत. ही अट मी लिहिली नव्हती, ही माझी चूक.

‘मग किती मैलांनी?’ हा आपला दुसरा प्रश्न. मैलांपेक्षा उष्णता महत्त्वाची. जुना ठोकताळा असा की, १७५ अंश फॅरनहाइटला हे तेल लाखभर मैल टिकते आणि त्यापुढे दर २० अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे २१५ अंशांवर, जे ट्रेलर ओढताना सहज गाठले जातात, २५,००० मैलच उरतात. माझ्या २००४ च्या शेव्हरोले सिल्वरॅडो पिकअपच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी ५०,००० मैलांचा आकडा आहे, आणि कठीण वापर म्हणजे काय तर डोंगराळ रस्ते, वारंवार ट्रेलर ओढणे, किंवा ९० अंश, म्हणजे ३२ सेल्सिअस, तापमानातली शहरी गर्दी. ह्यूस्टनसारख्या उष्ण शहरात राहणाऱ्याने आपला वापर सौम्य आहे असे समजणे हा केवळ आशावाद आहे. (पुण्यात वाढलेल्या माणसाला ३२ अंश म्हणजे कठीण हवा, हे पटायलाच वेळ लागतो.)

यंत्राने सगळे तेल एकदम बदलण्याच्या पद्धतीबद्दल आपण घेतलेली शंका रास्त आहे. त्याऐवजी मी पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे ताट, उतरवून फिल्टर बदलतो आणि निघाले तेवढेच भरतो. माझ्या ४एल६०ई गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे १०.८ लिटर तेल मावते, पण पॅन उतरवल्यावर ४.७ लिटरच्या आसपासच निघते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) आणि कूलरच्या नळ्यांमध्ये असते. एका वेळी साधारण ४४ टक्के, दोनदा केल्यास ६८ आणि तिसऱ्यांदा ८२ टक्के तेल नवे होते. मधल्या काळात काही हजार मैल गाडी चालवून गिअर कसे पडतात ते पाहता येते, आणि बदल हळूहळू होतो. माझ्या पॅनला तेल काढण्याचा नट नाही, त्यामुळे पहिल्या वेळी निम्मे तेल माझ्या बाहीत गेले. ही काटकसर ज्याने केली त्याला एकदा गाडीखाली झोपवायला हवे. जनरल मोटर्सच्या अशा गाडीत तेल त्यांनीच ठरवलेल्या डेक्सरॉन-६ या दर्जाचे वापरावे. डेक्सरॉन-३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले आणि ६ हे जुन्या गिअरबॉक्सनाही चालते. फोर्ड, टोयोटा किंवा क्रायस्लरच्या गाडीत मात्र त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे.

आता आपल्या स्वतःच्या ट्रकविषयी : १,४०,००० मैल, जुन्या मालकाची कागदपत्रे नाहीत, गिअर गुळगुळीत पडतात, तेल काळपट. नुसत्या काळ्या रंगावरून निकाल देऊ नका. इंजिन गरम आणि चालू, गिअर पार्कमध्ये, जमीन सपाट, अशा स्थितीत डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) काढून वास घ्या. करपट वास नसेल तर पॅन उतरवा. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा असतो. तो पुसून नवा फिल्टर घाला आणि कामाला लागा. पितळी कीस किंवा अस्तराचे काळे तुकडे सापडले, तर फिल्टर बदलून पॅन बंद करा आणि पुढच्या दोन बदलांचे पैसे वाचवा. आपण जूनमध्ये बोट ओढून नेणार आहात. पहिला बदल त्याआधीच करा, आणि चढावर टो-हॉलचे, म्हणजे ओझे ओढताना वापरायचे, बटण दाबायला विसरू नका.